चौतीस बाया आणि एक चावी

संपादकांचा फोन आला, "नाना, यंदाच्या अंकासाठी कामगार चळवळीचा इतिहास लिहा." मी म्हटलं, इतिहास लिहायला निदान काही जिंकलेलं असावं लागतं, आणि जे काही जिंकलं ते मी जिंकलेलं नाही. ते म्हणाले, "मग अनुभव लिहा." अनुभव हा आमच्याकडे चुकांना दिलेला मानाचा शब्द आहे. त्या हिशोबाने माझ्याइतका अनुभवी माणूस जळगाव-धुळ्यात सापडणार नाही.

मी कामगार संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता होतो. पूर्णवेळ म्हणजे काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. "जावई काय करतात?" असं कोणी विचारलं की ते सांगायचे, "दुसऱ्यांच्या नोकऱ्या सांभाळतात," आणि विषय बदलायचे. काम तसं सोपं आहे. कारखान्याच्या गेटवर सभा घ्यायची, कामगारांशी बोलून मागण्यांचं पत्र तयार करायचं, ते मालकाला द्यायचं, मालक ते फाईलला लावतो, मग आपण घोषणा द्यायच्या, मग तो बोलावतो, चहा येतो, बोलणी होतात, करार होतो. या सगळ्यात अवघड भाग एकच, तो म्हणजे 'कामगारांशी बोलून' हा. मी तो बरेचदा गाळत असे. कारण मला आधीच माहीत असायचं ना, त्यांना काय हवंय ते!

उदाहरणार्थ शिंदखेड्याकडची गोष्ट. एका जिनिंगच्या गेटवर सकाळी सात वाजता चाळीस-पन्नास माणसं उभी दिसली. मोटारसायकल स्टँडवर लावली, पायरीवर चढलो आणि सुरू झालो. मालक कसा रक्त पितो, कारखान्यात सरकीच्या धुळीने फुप्फुसं कशी खराब होतात, बारा-बारा तास कसे राबवतात. अर्धा तास बोललो. लोक इतक्या शांतपणे ऐकत होते की मला स्वतःचाच अभिमान वाटला. शेवटी "प्रश्न विचारा" म्हटल्यावर मागून एकाने हात वर केला. "साहेब, ते बठ्ठं ठीक शे. पन भरती कधी सुरू व्हई?"

ती माणसं कामावरची नव्हतीच. कामाला लागायला आली होती. बेकारांच्या राखीव फौजेबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, अभ्यासवर्गात शिकवलंही होतं. ती फौज साक्षात समोर उभी राहिली तेव्हा मी तिला कारखान्याविरुद्ध भडकवत होतो. गेट उघडलं, ते सगळेच जण माझ्या बाजूने वाट काढत आत पळाले. एकाने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, "तुमले बी काम पाहिजे का? लायनीत लागा."

ही झाली किरकोळ चूक. मोठी चूक जळगावच्या डाळ मिलमधली, आणि ती सांगण्यासाठीच बसलोय.

डाळ मिल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तूर येते, चाळली जाते, तिला पाणी-तेलाचा हात लावून पटांगणात उन्हात वाळवतात. मग रोलरवर तिचं टरफल काढतात, दाणा फुटून दोन पाकळ्या होतात, ती डाळ. टरफल आणि चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, गुरांच्या पोटात जाते. आता रंग ओळखून वाईट दाणा उडवणारं यंत्र आलं आहे, तरी उंची मालाला शेवटचा हात माणसाचाच लागतो. खरं म्हणजे बाईमाणसाचा. लांबलचक शेडमध्ये चौतीस बाया ओळीने बसून काळा दाणा, खडा, किडका तुकडा वेचायच्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बोटं इतकी वेगाने चालायची की बघणाऱ्याला भोवळ यावी.

त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या वत्सलाअक्का. सातवीपर्यंत शिकलेल्या, तोंडाने तिखट, आणि मला पहिल्याच अभ्यासवर्गात गार केलेल्या. मी फळ्यावर तूर, डाळ, चुनी असं लिहून विचारलं होतं, "शंभर पोती तूर आत गेली, माल बाहेर आला तो जास्त किमतीचा. ही वाढीव किंमत आली कुठून?" उत्तर अपेक्षित होतं, आमच्या श्रमातून. अक्का म्हणाल्या, "उन्हातून."

"उन्हातून कशी, अक्का?"

"मालकनं पटांगण देखा. ऊन फुकट शे, नाना. आन आम्हीन त्यान्हापेक्षा जराशा महाग."

चौतीस बाया हसल्या. मी फळा पुसला. पुढे अनेक वर्षं मी हे वाक्य स्वतःचं म्हणून भाषणात वापरलं, हेही कबूल करून टाकतो.

तर त्या मिलमध्ये आम्ही मागण्यांचं पत्र दिलं. मी ते दोन दिवस खपून लिहिलं होतं. सुरुवातच 'जागतिक भांडवलाच्या वाढत्या आक्रमणाच्या पार्श्वभूमीवर' अशी. पगारवाढ, बोनस, हजेरीपत्रकावर नाव, भविष्य निर्वाह निधी, भरपगारी सुट्टी अशा एकूण दहा मागण्या. सह्या घ्यायला गेलो तेव्हा अक्कांनी पत्र वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "नाना, ते संडासनं बी लिखी ल्या."

"काय आहे संडासचं?"

"कुलूप ऱ्हास त्याले."

मी मान डोलावली आणि अकरावा मुद्दा घातला, 'इतर किरकोळ सोयी'. संडास हा शब्द जागतिक भांडवलाच्या पत्रात बरा दिसेना.

मिलचे शेठ गोड माणूस. मला ते नानासाहेब म्हणत. बोलणी तीन बैठका चालली. दहापैकी सात मागण्या त्यांनी कमी-जास्त करत मान्य केल्या. शेवटी म्हणाले, "नानासाहेब, मी इतकं दिलं, तुम्हीही काही सोडा की." मी अनुभवी वाटाघाटीकाराच्या थाटात पत्रावरून नजर फिरवली आणि अकराव्या मुद्द्यावर काट मारली. शेठ खूष, मी खूष. गेटवर गुलाल उधळला, मला हार घातला. बाया टाळ्या वाजवत होत्या. अक्का वाजवत नव्हत्या, पण हाराआडून मला ते दिसलं नाही.

एप्रिलमध्ये सकिना बीला कामावरून काढलं.

सकिना बी पन्नाशीची, नवरा नाही, मुलगी सासरी. हात अक्कांच्या खालोखाल चालायचा. मॅनेजर सुरेशराव यांनी तिला 'शिस्तभंग' म्हणून उद्यापासून येऊ नको सांगितलं. मी तिच्या घरी गेलो. "काय झालं, बी?" तिने पदर पुढे ओढला. "जाने दो नानाभाई, घर की बात है." कामावरून काढलंय आणि म्हणे घर की बात! मी शेठकडे गेलो, टेबलावर मूठ आपटली. शेठ शांतपणे म्हणाले, "नानासाहेब, कारण तुमच्या बाईंनाच विचारा ना."

मी गरजलो, "कारण काहीही असो, आम्ही मान्य करत नाही!"

कारण माहीत नसताना त्याच्याशी असहमत होणं, यालाही चळवळीत धार म्हणतात.

शेवटी अक्कांनी मला शेडच्या मागे नेलं आणि सांगितलं. चौतीस बायांना संडास एक. त्याला कुलूप, कारण 'बाया वेळ घालवतात'. चावी मॅनेजरच्या टेबलात. ज्या बाईला जायचं तिने केबिनच्या दाराशी नंबर लावायचा, मॅनेजरसमोर वहीत नाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ लिहून सही करायची. पुरुष मॅनेजर, आजूबाजूला ट्रकवाले, हमाल. लाजेने बाया जातच नसत. आणि जायला लागू नये म्हणून पाणी पीत नसत. जळगावच्या एप्रिल-मेमध्ये! निम्म्या जणींना उन्हाळी लागलेली, दोघींना मुतखडा, दर आठवड्याला एखादी चक्कर येऊन पडायची. मी चक्कर म्हणजे अशक्तपणा समजून 'कामगारांचे कुपोषण' यावर लेख लिहिला होता.

"सकिनाले साखर शे," अक्का म्हणाल्या. "तिले घडी घडी जावा लागस. त्या दिवशी चौथ्यांदा चावी मांगी. त्यानं दिधी नही. मंग ती भितमांगे गयी. वॉचमननं देखं." भिंतीमागे गेलेली पन्नाशीची बाई वॉचमनने पाहिली, मॅनेजरला सांगितलं, आणि ही गोष्ट चार लोकांत बोलायची वेळ आली. ती मला, एका पुरुषाला, कशी सांगणार होती? तिची नोकरी गेली होती, साखरेच्या गोळ्या त्या नोकरीवर चालायच्या, आणि तरी तिला नोकरीपेक्षा लाज जड झाली होती.

मी म्हटलं, "अक्का, मला इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही?"

"सांगं ना. तुम्हीन त्याले किरकोळ लिखं." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तुम्हीन कोठे जातस, नाना? गेट मीटिंगले तीन तास उभा ऱ्हातस तव्हा?"

 गेटबाहेर मोठं लिंबाचं झाड आहे, आणि ते सगळ्या पुढाऱ्यांना माहीत आहे.

पश्चात्ताप झाला की माणूस जास्तीचं बोलतो. मी लगेच योजना मांडली. संपाची नोटीस, कामगार आयुक्तांकडे तक्रार, मग कोर्ट, वकील बघतो, दोन-तीन वर्षांत निकाल लागेल. अक्का ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, "दोन-तीन वरीस सकिना काय भितमांगे बसी ऱ्हाई?"

"मग संप?"

"संप नही. काम बंद नही. आम्हीन नियम पाळसूत."

मला वाटलं, बाई खचली. घरी येऊन बायकोला म्हटलंही, "वर्गजाणीव नाही अजून." बायको पोळी लाटत होती, तिने लाटणं तसंच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला. ही सासऱ्यांची पद्धत.

सोमवारी सकाळी आठला चौतिसातल्या तेहेतीस बाया कामावर हजर झाल्या. सकिना बी गेटबाहेर बसली. साडेआठला अक्का उठल्या, टाकीवर गेल्या, दोन ग्लास पाणी प्याल्या. त्यांच्यामागे दुसरी. मग तिसरी. मग सगळी ओळ. उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, उष्माघात टाळा, असा आरोग्य खात्याचा मोठा रंगीत फलक शेठनीच टाकीशेजारी लावलेला होता. बाया तो मोठ्याने वाचत पाणी पीत होत्या.

नऊ वाजता अक्का केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. "साहेब, चावी."

सुरेशरावांनी वही काढली. नाव, वेळ, सही. चावी दिली. वर पाहतात तो दारात बत्तीस बाया नंबर लावून उभ्या.

"हे काय? सगळ्यांना एकदम?"

"ऊन कितलं शे, साहेब," दुसरी म्हणाली. "नियमच शे ना, नंबर लावाना."

अक्का आल्या, वेळ लिहिली, सही केली, चावी दिली. दुसरी गेली. अक्का परत टाकीवर जाऊन पाणी प्याल्या आणि ओळीच्या शेवटी उभ्या राहिल्या. शेडमध्ये डाळीचे ढीग आणि एकही बाई नाही. काम कोणी बंद केलं नव्हतं. सगळ्या नियमाप्रमाणे रांगेत होत्या. आणि नियमाप्रमाणे चावी मॅनेजरनेच द्यायची, मॅनेजरनेच घ्यायची, सही त्याच्याच समोर. ट्रकचा गेटपासही तोच द्यायचा. गुजरातला जाणारे दोन ट्रक भरायचे होते. ड्रायव्हर खिडकीतून कागद पुढे करत होता, सुरेशराव म्हणत होते, "थांब रे, आधी ह्या मावशींची वेळ लिहू दे."

अकराला शेठचा मला फोन. मी धावत गेलो. शेठच्या थंडगार खोलीत काजूकतली पुढे आली. "नानासाहेब, हा काय प्रकार? तुमच्या संघटनेचा?" इथे मी आयुष्यातली सर्वात सुंदर चूक केली. छातीवर हात ठेवून म्हणालो, "शेठ, आमच्या संघटनेचा याच्याशी काही संबंध नाही. मी त्यांना समजावतो. आठ दिवसांत बैठक लावू." आणि कतली तोंडात टाकली.

बाहेर येऊन रांगेपुढे उभा राहिलो. "भगिनींनो!" म्हटलं. एका जणीने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. अक्का म्हणाल्या, "नाना, पानी प्या. मंग एक तर लायनीत लागा, नहीतर बाजूले व्हा. नंबर चुकस."

मी पाणी प्यालो आणि बाजूला झालो. चाळीस वर्षांत दिलेल्या भाषणांपैकी ते सर्वांत परिणामकारक ठरलं, एका शब्दाचं.

दुपार झाली. एकेक बाई सही करत होती आणि सही करताना वहीची पानं चाळत होती. कोणाला घाई नव्हती. अक्कांचा तिसरा नंबर आला तेव्हा त्यांनी मागचं एक पान उघडलं आणि तिथे बोट ठेवून उभ्या राहिल्या. सकिना बीचं नाव. त्या दिवशी तीन सह्या. चौथ्या वेळी नाव, वेळ, आणि सहीच्या जागी सुरेशरावांच्याच अक्षरात एक शब्द, 'नकार'.

"साहेब," अक्का म्हणाल्या, "सकिनानं नियमानं मांगी. नियम तुम्हीन मोडा."

सुरेशरावांनी वही आपल्याकडे ओढली. खरं तर त्यांचं लक्ष वहीत नव्हतं. सकाळपासून चार चहा झाले होते. उठायला गेले की दारात बाई, "साहेब, चावी." बसले की "साहेब, सही." पाय एकमेकांवर, मग उलटे एकमेकांवर. चारच्या सुमारास माणूस घामाने भिजला होता. एकदम उभे राहिले, चावी टेबलावर टाकली, "घ्या काय घ्यायचं ते!" म्हणाले आणि पुरुषांच्या बाजूला पळत गेले. तिथे कुलूप नव्हतं.

चावी टेबलावर पडून होती. एकाही बाईने हात लावला नाही. अक्का म्हणाल्या, "साहेब येऊ द्या. ते बी गयात, पन वहीमा त्यासनी सही नही झायी अजून."

सुरेशराव परत आले ते वेगळेच होऊन आले. चेहरा उतरलेला, पण मोकळा. दारात जरा थांबले, रांगेकडे पाहिलं. मग वही उचलली आणि सरळ शेठच्या खोलीत गेले. मी मागोमाग, कारण कतली अजून शिल्लक होती.

"शेठ, कुलूप काढा."

"तुम्हीच म्हणाला होता ना, बाया वेळ घालवतात?"

"म्हणालो होतो. आज एक दिवस मी त्या खुर्चीत अडकून बसलो, शेठ. ह्या रोज बसतात." त्यांनी वही उघडून सकिना बीचं पान पुढे ठेवलं. "आणि ही बाई भिंतीमागे गेली ती माझ्यामुळे. शिस्तभंग माझा आहे. मी नोकर आहे, तुम्ही म्हणाल ती शिक्षा घेतो. पण ही वही उद्यापासून माझ्याच्याने होणार नाही."

मालकाच्या खोलीत उभं राहून मॅनेजरने असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. भांडवलदाराचा हस्तक म्हणून मी ज्याच्यावर दोन पत्रकं काढली होती, तो हाच माणूस.

शेठनी वहीकडे पाहिलं, खिडकीतून ट्रककडे पाहिलं, आणि कागद मागवला. कुलूप काढायचं. महिन्याभरात आणखी दोन संडास बांधायचे, आत पाणी, आत कडी. सकिना बी उद्यापासून कामावर, गेलेल्या दिवसांच्या पगारासह. कामगारांच्या वतीने सही, असं लिहून झाल्यावर शेठनी सवयीने पेन माझ्याकडे केलं. मी सवयीने घेतलं. टोपण काढलं. तेवढ्यात अक्का पुढे आल्या आणि माझ्या हातातून पेन अलगद काढून घेतलं, जसा डाळीतून काळा दाणा काढतात. सावकाश, एकेक अक्षर लिहीत सही केली. मग ते पेन दाराशी उभ्या असलेल्या दुसरीकडे दिलं. तेहेतीस सह्या झाल्या. कागदावर जागा पुरली नाही, तर मागच्या बाजूला झाल्या.

त्या वर्षीच्या आमच्या अहवालात मी 'संघटनेच्या समर्थ मार्गदर्शनाखाली यशस्वी लढा' असं छापलं, हेसुद्धा नोंदवतो. अक्कांनी अहवाल वाचून फोन केला, त्यात त्या काय म्हणाल्या ते छापण्यासारखं नाही. दुसऱ्या आवृत्तीत ओळ दुरुस्त केली: 'कामगार महिलांनी लढा जिंकला. संघटना बाजूला उभी होती.' निवृत्त होईपर्यंत मी पुन्हा एकही मागणीपत्र माझ्या टेबलावर लिहिलं नाही. शेडमध्ये, जमिनीवर बसून, बायांना विचारून लिहिलं. पहिली मागणी त्या सांगतील ती. जागतिक भांडवलाला शेवटी जागा उरली तर.

त्या सह्यांच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी मुद्दाम आठच्या आधी गेटवर गेलो होतो. सकिना बी आली. हिरवी ओढणी, हातात डबा. वॉचमनने मान खाली घालून गेट उघडलं. ती शेडमध्ये गेली नाही. सरळ टाकीपाशी गेली, ग्लास भरला, आणि केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. आत सुरेशराव होते. त्यांच्या डोळ्यांत बघत तिने ग्लास पूर्ण रिकामा केला, शेवटच्या थेंबापर्यंत, घाई न करता. शेडमधल्या सगळ्या बायांचे हात थांबले होते.

ओठ पुसून ती म्हणाली, "साहब, पानी बहोत मीठा है. आप भी पियो."

आणि दुसरा ग्लास भरायला वळली.